गेलेली झोप बुडीत खाती टाका

मी हिशेबनीस. पंचवीस वर्षं इतरांचे जमाखर्च लिहिते आहे. त्यामुळे माझी झोप उडाली तेव्हा मी धंद्याला साजेसंच वागले, तिचं खातं उघडलं. काल साडेचार तास झोप, म्हणजे साडेतीन तास येणे. परवा पाच, म्हणजे तीन येणे. शनिवारपर्यंत अठरा-वीस तास येणे बाकी, आणि रविवारी वसुली: सकाळी दहापर्यंत पांघरुणातून बाहेर यायचं नाही. ही वसुली नऊ वर्षं चालली. हाती काही लागलं नाही, रविवारची रात्र मात्र हमखास टक्क जागी जायची.

गेली चार वर्षं मी बरी झोपते. ‘बरी’ हा शब्द तोलूनमापून वापरते आहे. पाठ टेकली की घोरायला लागणाऱ्यांतली मी कधीच नव्हते. तो मान आमच्या घरात नवऱ्याचा. पण बहुतेक रात्री मी झोपेचा विचार न करता झोपते, आणि ज्या रात्री झोप येत नाही त्या रात्रीची धास्ती घेत नाही. हे कसं जमलं ते सांगते. एक-दोन आठवडे झोप बिघडलेल्यांसाठी हे नाही. त्यांनी काहीही करू नये, फक्त सकाळी उठायची वेळ बदलू नये. झोप आपली आपण जागेवर येते. हे आहे ते आठवड्यातल्या निदान तीन रात्री, निदान तीन महिने तळमळणाऱ्यांसाठी. झोपायला वेळ आहे, जागा आहे, तरी झोप नाही आणि दिवस वाया जातो आहे, याला डॉक्टर जुनाट निद्रानाश म्हणतात.

आधी तपासणी

हे मी चार वर्षं टाळलं, तुम्ही टाळू नका. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, सकाळी डोकं जड असणं ही स्लीप अॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराची, लक्षणं असू शकतात, आणि त्यावर खाली लिहिलेल्या कशाचाही उपयोग नाही. संध्याकाळी पायांत वळवळ होऊन ते हलवल्याशिवाय चैन पडत नसेल तर तेही सांगा. कधीकधी त्याच्या मुळाशी शरीरातलं कमी लोह असतं. थायरॉईड, रजोनिवृत्ती, दुखणी, चालू असलेली औषधं, आणि मन खचलेलं असणं, या सगळ्यांचा झोपेशी संबंध आहे. नैराश्य असेल तर त्यावर वेगळे उपचार घ्यायचे, ‘झोप सुधारली की तेही जाईल’ म्हणत बसायचं नाही.

गोळ्यांबद्दल एकच सांगते. मी अडीच वर्षं घेतल्या. त्या सोडताना मी एकदा शहाणपणा करून एका रात्रीत बंद केल्या आणि पुढचे चार दिवस पूर्वीपेक्षा वाईट गेले. अचानक सोडल्यावर झोप उसळून बिघडते, आणि त्यातल्या काही प्रकारच्या गोळ्या एकदम तोडल्या तर झटकेही येऊ शकतात. गोळी कमी करायची ती डॉक्टरांच्या सांगण्याने, थोडी थोडी, आठवड्या-आठवड्यांनी. माझी सुटायला पाच महिने लागले.

आग कुठे लागली आणि लाकडं कोण घालतंय

आर्थर स्पीलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशाची तीन कारणं मांडली. एक, मुळातला कल: काही माणसं जात्याच हलक्या झोपेची. दुसरं, निमित्त: आजारपण, मृत्यू, नोकरी, बाळंतपण. तिसरं, त्याला आपणच घातलेलं खतपाणी. मला हे कळलं तेव्हा मी मनातल्या मनात खतावणी केली. कल होताच, माझी आई पाल चुकचुकली तरी उठायची. निमित्त होतं आईचंच शेवटचं आजारपण, रात्री-अपरात्री येणारे फोन. आई गेली, फोन थांबले. झोप परत आली नाही. मग नऊ वर्षं तिला कोणी अडवून ठेवलं होतं?

मी. रात्री साडेनवालाच अंथरुणात शिरणारी मी, ‘निदान पडून तरी राहू’ म्हणून. दुपारी तासभर लवंडणारी मी. रविवारी दहापर्यंत लोळणारी, रात्रीची बोलावणी ‘मला जागरण सोसत नाही’ म्हणून नाकारणारी, संध्याकाळी सात वाजल्यापासून आजची रात्र कशी जाईल याचा अदमास घेणारी मी. यातली एकेक गोष्ट घेतली तर शहाणपणाचीच वाटते. ताप आला तर माणूस पडून राहतो, तसंच. पण झोपेच्या बाबतीत हे उलटतं.

या खतपाण्यावर जो उपचार आहे त्याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे निद्रानाशासाठीचा विचार आणि वर्तन बदलण्याचा उपचार. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सगळ्या प्रौढ रुग्णांना गोळ्यांच्या आधी हाच द्यावा अशी शिफारस केली, युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांचं म्हणणंही तेच. जमेल तर तो जाणकाराकडून घ्या. सहसा सहा-आठ बैठकी लागतात. मी एका समुपदेशक बाईंकडे सात वेळा गेले. खाली आहे ते त्या सात बैठकींतलं आणि त्यानंतर घरी धडपडून शिकलेलं.

वही, पण दोनच आठवडे

हिशेबनीसबाईला वही ठेवायला सांगितली म्हणजे काय, मी खूश. रोज सकाळी, रात्री नव्हे, पाच गोष्टी लिहायच्या: अंथरुणात कधी गेले, अंदाजे किती वेळाने झोप लागली, मधे किती वेळ जागी होते, शेवटची जाग कधी आली, उठले कधी. अंदाज पुरतो. मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवायला रात्री घड्याळ पाहिलंत तर वहीचाच घोटाळा.

दोन आठवड्यांची सरासरी काढली. अंथरुणात रोज नऊ तास. झोप पाच तास चाळीस मिनिटं. म्हणजे ६३ टक्के. शंभरातले सदतीस रुपये कुठे जातात हे सांगता न येणारा धंदा मी कुणाला चालू ठेवू दिला नसता, आणि मी मात्र रोज रात्री त्याच धंद्यात आणखी भांडवल घालत होते: आणखी लवकर झोपायला जाऊन.

खिडकी लहान करायची

हा या सगळ्याचा कणा आहे आणि सगळ्यात जास्त त्रासही इथेच होतो, म्हणून सविस्तर सांगते.

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण गरिबीच्या संदर्भात ऐकतो. मला ती आता शरीरशास्त्राची वाटते. झोपेचीही भूक असते. माणूस जागा झाल्यापासून मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढत जातो. झोपलं की उतरतो. त्याच्या जोडीला शरीराचं घड्याळ, जे उजेडावर चालतं. अलेक्झांडर बोर्बेली या स्विस शास्त्रज्ञाने १९८२ साली या दोन गोष्टींवर झोपेचं गणित मांडलं आणि ते आजही वापरात आहे. दुपारी तासभर झोपून रात्री साडेनवाला आडवी होणारी मी म्हणजे चार वाजता पोटभर खाऊन सात वाजता ताटावर बसणारी. भूक कुठून लागणार?

तर करायचं असं. उठायची एक वेळ ठरवायची, आठवड्याचे सातही दिवस तीच. मी सहा ठरवली. मग वहीतली सरासरी झोप जितकी, साधारण तितकेच तास अंथरुणात. अंथरुणातला हा ठरलेला वेळ म्हणजे झोपेची खिडकी. माझे झाले पावणेसहा तास. सहातून मागे मोजा: सव्वाबारा. सव्वाबाराच्या आत आडवं व्हायचं नाही, कितीही दमलेलं असलं तरी. सरासरी कितीही कमी आली तरी पाच तासांखाली जायचं नाही. दुपारची झोप बंद.

थांबा. हे सगळ्यांसाठी नाही. फेफरं येणारे, बायपोलर आजार असलेले, झोपेत चालणारे, गरोदर बायका, अॅप्नियावर उपचार न घेतलेले, आणि ज्यांच्या डुलकीने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो असे, म्हणजे गाडी किंवा यंत्र चालवणारे: यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेचे तास कापू नयेत. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिवसा पेंग वाढते. मी त्या काळात गाडीला हात लावला नाही.

सव्वाबारापर्यंत जागं राहणं म्हणजे काय ते पहिल्या रात्री कळलं. ज्या बाईला नऊ वर्षं झोप येत नव्हती तिला अकरा वाजता सोफ्यावर डोळे उघडे ठेवता येईनात. मी उभ्याने कपड्यांना इस्त्री केली. बरण्यांची झाकणं जुळवली. पाचव्या रात्री नवरा पाणी प्यायला उठला तर मी कपाटाला टेकून उभ्या उभ्या झोपलेली. त्याने विचारलं, ‘अगं, आत येऊन झोप ना?’ मी म्हटलं, ‘अजून वीस मिनिटं आहेत.’ त्याने माझ्याकडे जसं पाहिलं तसं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं असेल.

पण त्या आठवड्यात मला एक फरक समजला, जो मी साफ विसरले होते: दमणं वेगळं आणि झोप येणं वेगळं. दमलेल्या माणसाचं अंग दुखतं, चिडचिड होते, डोळे चुरचुरतात, पण डोकं चालूच असतं. झोप येते तेव्हा पापण्या जड होतात, मान खाली जाते, वाक्याचा शेवट सापडत नाही. मी इतकी वर्षं दमून अंथरुणात जात होते. झोप येऊन नव्हे.

पहिल्या आठवड्याची सरासरी आली पाच तास पाच मिनिटं. कमीच. पण अंथरुणातल्या ३४५ मिनिटांपैकी ३०५ मिनिटं झोप, म्हणजे ८८ टक्के. नियम असा: आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की पुढच्या आठवड्यात खिडकी पंधरा मिनिटांनी मोठी करायची, रात्रीच्या बाजूने. खाली घसरली तर थांबायचं, फारच घसरली तर पंधरा मिनिटं मागे. मला बारा वरून सव्वाबारावर एकदा परत यावं लागलं आणि मी रडले होते. दहा आठवड्यांनी मी सव्वाअकरा ते सहावर स्थिरावले. त्यात सहा-सव्वासहा तास झोप. आठ नाही. आठ झाले पाहिजेत हा हट्ट तोवर सुटलाही होता, त्याबद्दल पुढे.

खुर्ची

रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली सांगितलेली गोष्ट अगदी साधी आहे. अंथरूण पाहिलं की झोप आठवायला हवी. निद्रानाश झालेल्याला अंथरूण पाहिलं की जागरण आठवतं. बाहेर सोफ्यावर पेंगणारं माणूस आत गेलं की खाडकन जागं होतं, ते याचमुळे. तेव्हा अंथरूण फक्त झोपेसाठी आणि शरीरसंबंधासाठी. फोन, हिशेब, भांडण, उद्याचं नियोजन सगळं बाहेर. आणि झोप लागत नसेल तर उठून दुसरीकडे जायचं. खरी पेंग आली की परत. पुन्हा नाही लागली, पुन्हा उठायचं. एका रात्रीत चार वेळा उठावं लागलं तरी चालेल.

साधारण वीस मिनिटांनी उठा असं सांगतात. पण मी घड्याळ काढून टाकलेलं, तेव्हा माझी खूण वेगळी: ‘आता लागायला हवी होती’ असं पहिल्यांदा मनात आलं की पाय खाली.

उठून जायचं कुठे, हे दिवसा ठरवून ठेवा. रात्री अडीच वाजता ठरवायला गेलात तर अंथरूणच बरं वाटतं. मी खिडकीशी वेताची खुर्ची ठेवली, तिच्या पाठीवर शाल, शेजारी मंद पिवळा दिवा आणि एक जाडजूड शब्दकोश. कथा-कादंबरी नको, ती पुढे काय झालं म्हणून जागवते. शब्दकोश कुठेही मिटता येतो. अडीच महिन्यांत मी ‘अ’पासून ‘ग’पर्यंत आले. पुढची अक्षरं अजून राहिलीच आहेत. कुणाला लोकरीचे गुंते सोडवायला आवडतील, कुणाला जुने फोटो लावायला. अट एवढीच की ते काम सोडताना जीव हळहळू नये, आणि त्याला प्रखर उजेड लागू नये.

थंडीत हे फार जिवावर येतं. पण त्या खुर्चीत मला अनपेक्षितपणे बरं वाटायला लागलं. अंथरुणात मी जागी असणं हा पराभव होता. खुर्चीत मी नुसती जागी होते.

रात्री तीनचं न्यायालय

आता मनाचं. माझ्या मते इथे खरा बदल होतो, पण वरची दोन कामं हातात घेतल्याशिवाय नुसतं ‘विचार बदला’ म्हणणं पोकळ आहे. मला अनेकांनी म्हटलं, टेन्शन घेऊ नकोस. मी म्हणायचे, दे तुझं डोकं आठवडाभर वापरायला.

पहिला धक्का बसला तो झोपेच्या तपासणीत. अॅप्निया आहे का पाहायला रात्रभर तारा लावून झोपवलं होतं. सकाळी विचारलं, किती झोप झाली? मी छातीठोकपणे सांगितलं, जेमतेम अडीच तास. यंत्राची नोंद होती पाच तास दहा मिनिटं. मी आधी रागावले. माझ्या आकड्यांवर कुणी शंका घेत नाही. नंतर कळलं की निद्रानाश असलेल्यांना आपली झोप आहे त्यापेक्षा कमी वाटणं हे वारंवार दिसतं. हलक्या झोपेतून उठवलेलं माणूस ‘मी जागाच होतो’ म्हणतं आणि ते खोटं बोलत नसतं. त्याला जागेपणाचे तुकडे आठवतात, झोपेचे आठवणार कसे? म्हणजे नऊ वर्षांची माझी खातेवही मुळातच चुकीच्या पावत्यांवर लिहिलेली होती.

दुसरी गोष्ट, मधे जाग येणं. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते आणि फेऱ्यांच्या मधे थोडी जाग येणं हा तिचा भागच आहे. वय वाढलं की अशी जाग जास्त वेळा येते. नवराही रात्री जागा होतो, फक्त त्याला ते सकाळी आठवत नाही. मी जागी झाले की लगेच पंचनामा सुरू करायचे: किती वाजले, किती उरले, उद्या काय होणार. इतिहासकार रॉजर एकर्च यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की वीजदिव्यांच्या आधीच्या युरोपातल्या कागदपत्रांत ‘पहिली झोप’ आणि ‘दुसरी झोप’ असे उल्लेख जागोजागी सापडतात. मधल्या तासाभरात लोक प्रार्थना करत, गप्पा मारत, आणि पुन्हा झोपत. आपणही तसंच झोपावं असा याचा अर्थ नाही. पण मध्यरात्री जाग येण्याला आजार न समजता माणसं जगली आहेत, एवढं कळणं मला पुरलं.

तिसरी, वसुली. रँडी गार्डनर हा १७ वर्षांचा मुलगा १९६३च्या डिसेंबरापासून १९६४च्या जानेवारीपर्यंत एका विज्ञानप्रकल्पासाठी २६४ तास, म्हणजे अकरा दिवस जागा राहिला. (कुणीही करून पाहू नये.) त्यानंतर पहिल्या रात्री तो झोपला सुमारे चौदा तास. अकरा दिवसांचं येणं ऐंशीच्या वर तास. वसुली चौदा, आणि पुढच्या काही रात्री थोडी जास्त. शरीर तासाला तास मागत नाही. वाईट रात्रीनंतर ते गाढ झोपेचा वाटा वाढवून घेतं आणि बाकीचं सोडून देतं. मी ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवशी माझ्या खात्यातली सगळी येणे बाकी बुडीत खाती टाकली. आमच्या धंद्यात त्याला रीतसर पद्धत आहे: जे पैसे येणार नाहीत ते येणार असं दाखवत राहिलं तर सगळा ताळेबंद खोटा होतो.

चौथी, उद्याचा दिवस. ‘आज झोपले नाही तर उद्या आकड्यांत चुका होतील’ ही माझी कायमची भीती. समुपदेशक बाईंनी सांगितलं, तपासा. वीस कामाचे दिवस मी सकाळी झोपेला चांगली-वाईट अशी खूण केली आणि संध्याकाळी त्या दिवशी सापडलेल्या चुका मोजल्या. वाईट रात्रींनंतरच्या नऊ दिवसांत तीन चुका, चांगल्या रात्रींनंतरच्या अकरा दिवसांत चार. जीव ओतून भीती बाळगावी असं त्यात काही नव्हतं. वाईट दिवशी मी चिडत मात्र होते, ते खरं. त्याची नोंद नवऱ्याने ठेवली असती तर वेगळा निकाल आला असता. तुमच्या भीतीचं असंच एक ठोस वाक्य लिहा आणि वीस दिवस मोजा. झोप कमी झाल्याने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. मोठ्यांना सात किंवा जास्त तास झोप लागते हे तज्ज्ञांचं सर्वसाधारण मत आहेच. पण ती शिफारस म्हणजे रोज रात्री द्यायची परीक्षा नव्हे, आणि ‘सात झाले नाहीत’ या धसक्याने कुणाची झोप वाढल्याचं मी पाहिलेलं नाही.

काळज्या खऱ्या असतील तर त्यांना वेगळी वेळ द्या. मी संध्याकाळी साडेसहाला पंधरा मिनिटं बसते, पानाच्या डावीकडे काळजी, उजवीकडे पुढचं एक पाऊल. पाऊल नसेल तर ‘सध्या काही नाही’ असंही लिहिते. रात्री तीच काळजी आली की तिला सांगता येतं, तुझी नोंद झाली आहे. पहाटेच्या सुमाराला शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि मनही. त्या वेळी दिलेला कुठलाही निकाल मी सकाळी ग्राह्य धरत नाही.

आणि एक गमतीचा उपाय. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांची युक्ती: ज्याची भीती वाटते तेच मुद्दाम करायचं. दिवा बंद करून अंधारात आरामात पडायचं, डोळे उघडे ठेवायचे आणि ठरवायचं की आज झोपायचं नाही. मला पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा झोप. तिसऱ्यांदा मी झोप येण्यासाठी न झोपण्याचं नाटक करत होते, आणि ते मेंदूने ओळखलं. मनापासून केलं तरच चालतं.

बाकीचं, थोडक्यात

लोक सुरुवात इथून करतात आणि इथेच थांबतात, म्हणून मी हे शेवटी ठेवलं. कॅफीन अॅडिनोसिनचीच जागा अडवतं आणि त्यातलं निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात; तेव्हा दुपारनंतर चहा-कॉफी नको. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्र फुटते. खोली काळोखी आणि जराशी थंड. सकाळी उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात. व्यायाम केव्हाही, अगदी झोपायच्या तोंडावर नको. हे सगळं चांगलंच आहे, पण नुसत्या एवढ्याने जुनाट निद्रानाश जात नाही. मी गडद पडदे, तीन प्रकारच्या उशा आणि पाय शेकायची पिशवी घेऊन त्यात छान जागी राहिले आहे.

खोलीतलं घड्याळ उलटं करा किंवा बाहेर ठेवा. गजर लावलेला फोन दुसऱ्या खोलीत, आवाज येईल इतक्या अंतरावर. आणि मनगटावर झोप मोजणारं यंत्र असेल तर काढा. माझं मला रोज सकाळी गुण द्यायचं. एकदा चांगली ताजीतवानी उठले होते, त्याने दाखवले ५८, आणि दिवसभर मी अठ्ठावन्न गुणांची बाई होऊन वावरले. अशा यंत्रांपायी झोपेच्या मागे लागून झोप घालवणाऱ्यांसाठी संशोधकांनी २०१७ मध्ये ऑर्थोसोम्निया असा शब्दही काढला आहे.

परत बिघडली तर

बिघडते. माझी चार वर्षांत तीनदा बिघडली. एकदा नवऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, एकदा वर्षअखेरच्या कामात, एकदा काहीही कारण नसताना. हा तिसरा प्रकार सगळ्यात घाबरवतो. त्या वेळी जुनं खतपाणी घालायचा मोह होतो, लवकर आडवं व्हायचा, दुपारी लवंडायचा. मी उलट करते: उठायची वेळ तीच, खिडकी पुन्हा साडेपाच-सहा तासांची, दिवसाची कामं एकही रद्द करायची नाहीत. दोन ते तीन आठवडे लागतात. वही मात्र आता ठेवत नाही. ती औषधासारखी वापरायची होती, मी तिला पुन्हा खातं केलं असतं.

घरच्यांसाठीही थोडं. जागणाऱ्या माणसाला ‘पडून राहा गं, आपोआप लागेल’ म्हणू नका, खुर्चीत बसलेलं दिसलं तर दिवा लावून चौकशी करू नका. आणि सकाळी ‘झोप लागली का?’ विचारू नका. आमच्याकडे हा प्रश्न वर्षानुवर्षं रोज विचारला जायचा, अगदी मायेने, आणि मी रोज तोंडी ताळेबंद सादर करायचे. मग आम्ही तो बंद केला. नवऱ्याला ते जड गेलं. सवय आणि काळजी दोन्ही होती. आता तो सकाळी खिडकीशी जातो, शाल खुर्चीवर विस्कटलेली असेल तर घडी करून ठेवतो, आणि मला म्हणतो, ऊठ, सहा वाजले.